लुईझियानातली रानआयरिस: नोंदणीच्या कामाची वही, २०२४–२५

१३ जानेवारी २०२४

यंदाचं काम ठरलं. रस्ते, कालवे आणि नव्या वसाहतींसाठी जमिनी उकरल्या जाण्याआधी आमच्या गटाने इथे, अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, मालकांच्या लेखी परवानगीने जी रानआयरिस, म्हणजे आयरिस या फुलझाडाची रानटी रोपं, उचलून आणली, ती आता टबांत आणि तिघाचौघांच्या परसात वाढते आहे. त्यातली जी खरोखर वेगळी दिसतात त्यांची रीतसर नोंदणी करायची. बाकीच्यांची निदान मूळ जागा पक्की लिहून ठेवायची. माझ्या मते दुसरं काम पहिल्याहून महत्त्वाचं आहे. बैठकीत तसं म्हटलं तर सगळ्यांनी हो म्हटलं आणि लगेच नावं काय ठेवायची यावर चर्चा सुरू केली.

मराठीत ही वही ठेवतोय ती घरच्यांनी आणि इकडच्या मराठी मित्रांनी वाचावी म्हणून, तेव्हा थोडी ओळख. भारतात रानटी आयरिस म्हणजे हिमालयातली. इथली जात वेगळी: दलदलीत, पाण्यात पाय सोडून उभी राहणारी. ‘लुईझियाना आयरिस’ या नावाखाली एकमेकींच्या जवळच्या पाच प्रजाती मोजतात. फुल्वा तांबूस विटकरी रंगाची, पाकळ्या खाली पडलेल्या. ब्रेव्हिकॉलिसचा दांडा आखूड आणि नागमोडी, फुलं पानांच्या आतच लपलेली. जायगँटिसेरुलिया उंच, निळी, किनाऱ्याजवळच्या पाणथळीतली, आणि ती १९९० पासून लुईझियानाचं राज्य रानफूल आहे. हेक्झागोना मुख्यतः पूर्वेकडच्या राज्यांतली. पाचवी नेल्सोनाय, तिच्याबद्दल पुढे लिहावंच लागेल.

३ फेब्रुवारी

नोंदणीचे नियम नीट वाचून काढले. आयरिसच्या लागवडीतल्या वाणांची नावं जगभरासाठी एकाच ठिकाणी नोंदली जातात: अमेरिकन आयरिस सोसायटीकडे. संस्था १९२० ची, आणि हे आंतरराष्ट्रीय काम तिच्याकडे १९५५ पासून आहे. लसणासारखा कांदा असलेल्या आयरिस तेवढ्या वेगळ्या, त्यांची नोंद हॉलंडमध्ये होते.

बहुतेक नोंदी संकर करणाऱ्यांच्या असतात: हा बाप, ही आई, अमुक साली बी पेरलं. रानातून आणलेल्या झाडाला आईबाप कुठून आणायचे? तिथे ‘रानातून गोळा केलेलं’ आणि ठिकाण असं लिहितात. चालतं.

गटातल्या एकाने विचारलं, नोंदणी झाली की झाड आपलं होतं का? दुसरा कुणी वाढवून विकू लागला तर? तर काही नाही. हा सातबारा नव्हे. हे पेटंटही नव्हे. या वर्णनाच्या या झाडाला हे नाव आणि ते दुसऱ्या कुठल्याही आयरिसला देता येणार नाही, इतकीच हमी. कायदा त्या झाडाचं रक्षण करत नाही, त्याच्या दलदलीचं तर अजिबात नाही. मग खटाटोप कशाला? कारण बागेत गेलेलं रानटी झाड आपला पत्ता फार लवकर विसरतं. ‘तो निळा, अमक्याने दिलेला’ एवढीच ओळख उरते, मग अमका वारतो आणि तीही जाते. असं झाड शोभेला ठीक, पण उद्या कुणाला त्याच पाणथळीत त्याच वंशाची आयरिस पुन्हा लावायची असेल तर त्याचा उपयोग शून्य.

एक अडचण उघड आहे. नोंद सार्वजनिक असते. नेमकी जागा लिहिली तर पुढच्या वसंतात तिथे फावडी घेऊन माणसं पोचतील. ठरलं ते असं: सार्वजनिक अर्जात फक्त पॅरिश, म्हणजे इथला जिल्हा. नेमकी जागा, पाण्याची खोली, सोबतची झाडं, जमिनीचा प्रकार हे सगळं आमच्या खासगी तक्त्यात. या वहीतही जागांची नावं येणार नाहीत.

२ मार्च

तक्ता तयार झाला. श्रेय सगळं आमच्यातल्या कोल्हापूरच्या मुलीचं. ती इथे वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतेय आणि मला काका म्हणते, त्यामुळे गटातले अमेरिकनही मला हाक मारताना आता ‘काका’ म्हणतात. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात तिने सेरोपेजियाची, आपल्या कंदीलपुष्पांची, जतनवाटिका जवळून पाहिलेली. सह्याद्रीतल्या एकेका कड्यावरून आणलेलं रोप आणि त्याची जागा यांची फारकत होऊ द्यायची नाही, ही शिस्त ती तिथूनच घेऊन आली.

“काका, कुंडीवरच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. पट्टी उन्हाने पुसते, वाऱ्याने उडते. मांडणीचा नकाशा हवा.”

म्हणून प्रत्येक टबाला आता तिहेरी ओळख: अॅल्युमिनियमची कोरलेली पट्टी, टबाच्या आत पुरलेली दुसरी, आणि कागदावर मांडणी. क्रमांकात पॅरिशचं अक्षर, आणलं ते साल आणि अनुक्रम. मग ‘जे-२१-०४’ म्हणजे जेफर्सन पॅरिश, २०२१, चौथं झाड. ज्यांचं ठिकाण कुणाला खात्रीने सांगता आलं नाही त्यांच्यामागे शून्य लावलं. शून्यवाल्यांचा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा झाला. त्यांना टाकायचं नाही, पण पाणथळीत परत लावायचंही नाही. ते शाळांच्या बागांत जातील.

३० मार्च

फुलोरा. या कामाची अख्खी मदार वर्षातल्या या दोन-तीन आठवड्यांवर. एरवी सगळी आयरिस म्हणजे हिरव्या तलवारींचं रान. कोण कुठली हे फुलल्यावरच कळतं. म्हणून बहरात खुणा करायच्या आणि उचलायची ती उन्हाळा संपताना, असा क्रम. बुलडोझर थांबायला तयार नसतो तेव्हा अर्थातच मिळेल ते, मिळेल तेव्हा.

आज पाणथळीत गेलो. कमरेपर्यंतचे रबरी बूट, हातात काठी. काठी सापांसाठी. इथला कॉटनमाउथ विषारी आहे, पाण्यात पोहतो आणि वाट सोडायला फारसा उत्सुक नसतो. डास आणि लाल मुंग्या आहेतच.

जिथे बायूचा, म्हणजे इथल्या संथ ओढ्याचा, उंचवट्याचा काठ संपतो आणि सखल पाणथळ सुरू होते, ती सीमा बघण्यासारखी. काठाच्या सावलीत फुल्वा, उघड्या पाणथळीत जायगँटिसेरुलिया. फुल्वाच्या लाल फुलावर हमिंगबर्ड येतो, निळ्यावर भुंगे, म्हणून एरवी दोघींचे संसार वेगळे. पण माणसाने कालवा खणला, झाडं तोडली, गुरं सोडली, की दोन्ही वस्त्या एकमेकींत घुसतात आणि मधल्या पट्ट्यात वाइन, गुलाबी, जांभळा, मळका पिवळा असे रंग उगवतात. याच पट्ट्यांवरून शास्त्रज्ञांनी एक मोठी कल्पना उभी केली. १९३८ मध्ये रायली यांनी इथल्या संकर-वस्त्यांची फुलं मोजली आणि १९४९ मध्ये एडगर अँडरसन यांनी त्या आधारावर दाखवलं की संकरातून, पुनःपुन्हा मूळ प्रजातीशी संकर होत, एका प्रजातीचे गुण दुसरीत झिरपत जातात. जीवशास्त्राच्या पुस्तकांतला तो उतारा म्हणजे या चिखलातलंच काम.

मोजमापांची पद्धत लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी वाद नको. दांड्याची उंची गड्ड्यापासून, पाण्याच्या पातळीपासून नाही. फुलाचा व्यास पहिल्या दिवशीच, दुसऱ्या दिवशी पाकळी लुळी पडते. फांद्या किती, कळ्या किती, पानं फुलाच्या वर जातात की खाली. वरच्या तीन पाकळ्यांचा आणि खालच्या तीन पाकळ्यांचा रंग वेगवेगळा, खालच्या पाकळीच्या बुडाशी असलेल्या पिवळ्या खुणेचा आकार, मधल्या परागवाहिनीच्या फाट्यांचा रंग. रंग रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगतक्त्याशी ताडून लिहायचा, आणि तो सकाळी, मोकळ्या सावलीत. फोनच्या फोटोवर भरवसा नाही: निळा-जांभळा कॅमेऱ्यात हमखास खोटा येतो.

जुन्या एका जागेवर गेलो, तिथे निळं काहीच उरलेलं नाही. पाणी चाखलं तर खारट. २०२३ च्या दुष्काळात मिसिसिपीचा जोर इतका कमी झाला होता की समुद्राचं पाणी नदीच्या तळाने आत चढत आलं आणि नळाच्या पाण्याचीच काळजी लागली. पण खारं पाणी काही एका वर्षाचं दुखणं नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मोजणीप्रमाणे १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. बृहन्मुंबई साधारण ६०० चौरस किलोमीटरची आहे, तशा आठ. नदीला बांध घातल्याने गाळ येत नाही, तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत येतं, जमीन खचते. आयरिस या यादीत फार खालच्या क्रमांकाची बळी आहे.

७ एप्रिल

आज बसून निवड. नोंदणीसाठी सुचवलेल्या झाडांची यादी भिंतीवर लावली आणि ती वाचून माझं डोकं दुखलं. जवळपास प्रत्येक टबाला कुणी ना कुणी वकील होता.

मग जुना इतिहास सांगावा लागला. जॉन कंकेल स्मॉल हे न्यू यॉर्क वनस्पती उद्यानातले नामांकित शास्त्रज्ञ. १९२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या आसपास आगगाडीच्या खिडकीतून त्यांना हे रंगीत रान दिसलं आणि माणूस वेडावला. पुढची काही वर्षं ते इथे येत राहिले, गड्डे न्यू यॉर्कला नेत राहिले, आणि १९३१ मध्ये अलेक्झांडर यांच्याबरोबर त्यांनी जो ग्रंथ काढला त्यात सत्तरहून जास्त नव्या प्रजाती होत्या. रंग वेगळा, प्रजाती वेगळी. १९३५ मध्ये न्यू ऑर्लिन्सचेच पर्सी व्हायोस्का यांनी शांतपणे दाखवून दिलं की प्रजाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, बाकीचा रंगबाजार संकरांचा. ते दलदलीत राहणारे होते, त्यांनी फुलं जागेवर पाहिली होती. स्मॉल यांची बहुतेक नावं आज केवळ पर्यायी नावांच्या यादीत सापडतात.

तरी स्मॉल यांना हसण्याचं कारण नाही. त्यांच्या गोंगाटामुळेच लोकांचं या फुलांकडे लक्ष गेलं. मेरी स्वोर्ड्‌स डबेयॉन यांनी रानातून वेचून मोठा संग्रह केला, त्यांच्यानंतर तो कॅरोलाइन डॉर्मन यांनी सांभाळला, आणि १९४१ मध्ये इथल्याच लाफायेट शहरात जी संस्था उभी राहिली तिला आधी डबेयॉन बाईंचंच नाव होतं. लुईझियाना आयरिसचं सर्वोच्च पदक आजही त्यांच्या नावाचं आहे.

इतकं बोलल्यावर कसोट्या ठरल्या. झाड लांबून ओळखू येण्याइतकं वेगळं हवं. किमान दोन बहरांत गुण तेच राहिलेले हवेत. ठिकाण कागदावर हवं. आणि मूळ जागा नष्ट झाली असेल किंवा होणार असेल तर त्याला आधी मान.

पांढरी जायगँटिसेरुलिया गळाली. सुंदर आहे, पण पांढरी याआधीही नोंदल्या गेल्या आहेत आणि आमच्या झाडात त्यांच्याहून वेगळं काही दाखवता येत नाही. जिने ती आणली ती मावशी दुखावली. उरलं खरं तर एकच: जे-२१-०४. फुल्वा आणि जायगँटिसेरुलिया यांचा नैसर्गिक संकर, मुरलेल्या वाइनचा रंग, खालच्या पाकळ्यांना फिकट कड, दांडा ताठ. ज्या कालव्याच्या कडेला ते होतं तो २०२१ च्या हिवाळ्यात रुंद केला गेला. आता तिथे पाणी आहे.

कोल्हापूरकरीण म्हणाली, “पण काका, जतनासाठी हे झाड सगळ्यात कमी कामाचं आहे.”

खरं आहे. संकर एकुलता एक. नोंदणी होते ती एका झाडाची, म्हणजे त्याच्या गड्ड्यापासून फुटत गेलेल्या फुटव्यांची. त्याचं बी पेरून आलेल्या रोपाला ते नाव लावता येत नाही. पाणथळ पुन्हा उभी करायची तर लागतात शंभर साध्या निळ्या, एकसारख्या दिसणाऱ्या आणि आतून वेगवेगळ्या. त्यांना नाव कुणी देत नाही, फोटो कुणी काढत नाही. म्हणून तिच्याच सूचनेवरून ठरलं की जे-२१-०४ च्या अर्जावर जितके तास जातील तितकेच निळ्यांच्या तक्त्यावर घालायचे. बघू किती पाळलं जातं.

२१ एप्रिल

लाफायेटच्या बाजूला एका वृद्ध बाईंकडे गेलो. त्यांच्या परसात लाल आयरिसचा दाट पुंजका, सासऱ्यांनी लावलेला, आणि घराण्यातली समजूत अशी की हे ‘अॅबेव्हिलचे लाल’ आहेत. कॉफी झाली, त्यांनी गड्डे उदार मनाने दिले.

हे खरं असेल तर मोठीच गोष्ट. व्हर्मिलियन पॅरिशमधल्या अॅबेव्हिलजवळच्या दलदलीत १९३० च्या दशकाच्या शेवटी डब्ल्यू. बी. मॅकमिलन यांना फुल्वासारखी पण थोराड, मोठ्या फुलांची, गडद लाल आयरिस सापडली. रँडॉल्फ यांनी १९६६ मध्ये तिला आयरिस नेल्सोनाय हे प्रजातीचं नाव दिलं, लाफायेटचे आयरिसतज्ज्ञ आयरा नेल्सन यांच्यावरून. रानात ती जगात फक्त तिथेच आहे. पुढे जनुकीय तपासणीतून कळलं की ती संकरातून जन्मलेली प्रजाती आहे: बहुतांश वारसा फुल्वाचा, त्यात दुसऱ्या दोघींची भर. एका दलदलीपुरती प्रजाती, तीही सायप्रसच्या झाडांच्या सावलीत. त्या पाण्याचं काही बिघडलं तर दुसरीकडून आणायची सोय नाही.

पण बाईंच्या परसातल्या लालांना आम्ही नेल्सोनाय म्हणणार नाही. सासरे गेले, कागद नाही, आणि शेजारी कुठल्या ना कुठल्या रोपवाटिकेतले लाल संकरही लावलेले. क्रमांकामागे शून्य. बाईंना हे सांगताना माझी जीभ जड झाली, त्या म्हणाल्या, “तुम्ही काय लिहायचं ते लिहा, आमच्याकडे ते अॅबेव्हिलचेच.” एक दांडा दाबून वाळवून विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात द्यायला घेतला. उद्या कुणी तपासलं तर तपासलं.

२० जुलै

बोंडं पिवळी पडून फुटायला आली. बी मोठं, चपटं, वरून बुचासारखं हलकं. ते पाण्यावर तरंगत जातं, दलदलीत वस्त्या अशाच पसरतात. निळ्यांचं बी प्रत्येक झाडाचं वेगळ्या पाकिटात, आईच्या क्रमांकासह. ताजंच पेरलं. वाळवून ठेवलं की उगवायला महिनोन्‌महिने, कधी दुसरं वर्ष लावतं.

जे-२१-०४ ला बोंड धरलं नाही. हरकत नाही.

३१ ऑगस्ट

गड्डे फोडले. जुना, फुलून गेलेला गड्डा पुन्हा फुलत नाही. बाजूचे फुटवे कापून लावायचे. जे-२१-०४ चे तीन भाग केले आणि तीन ठिकाणी दिले, त्यातलं एक पॉन्टचारट्रेन तलावाच्या उत्तरेला, उंचावर. एकाच वादळात सगळं जायला नको.

९ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती काल विसर्जन केला, आज टब हलवतोय. फ्रॅन्सीन नावाचं वादळ मेक्सिकोच्या आखातात आहे. पट्ट्यांपेक्षा मांडणीचा कागद महत्त्वाचा: तो प्लॅस्टिकमध्ये घालून मोटारीत ठेवला.

१४ सप्टेंबर

फ्रॅन्सीन ११ तारखेला टेरबोन पॅरिशमध्ये धडकलं. जेफर्सनमध्ये रस्त्यांवर पाणी, दोन दिवस वीज नाही. आयरिसला पुराचं गोडं पाणी आवडतंच. उलटले ते टब आणि त्यातल्या पट्ट्या. कागदावरून सगळं पुन्हा जुळलं. कोल्हापूरला ‘सांगितलं होतं’ असं म्हणायची संधी मिळाली आणि तिने ती घेतली.

१९ ऑक्टोबर

नावाचा दिवस. नियम असे: मोकळ्या जागा सोडून तीस अक्षरांच्या आत. लॅटिन रूपाचं नाव नको, ते १९५९ पासून बंद. आधी दुसऱ्या आयरिसला दिलेलं नको. हयात माणसाचं नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय नको.

‘बायू’ शब्द असलेलं काहीही सुचवलं की कुणीतरी आधीच घेतलेलं निघतं. वाइन, मॅग्नोलिया, मार्डी ग्रा यांचंही तेच. एकाने माझ्यावरून ‘काका’ सुचवलं. मी संमती देत नाही, असं लेखी कळवलं. शेवटी त्या पाण्याखाली गेलेल्या काठाचं स्थानिक लोकांच्या तोंडी असलेलं जुनं नाव निघालं. नकाशावर ते नाही, म्हणून जागाही उघडी पडत नाही. गट पहिल्यांदाच एकमताने गप्प बसला. नोंद मंजूर होईपर्यंत इथे लिहीत नाही.

२६ जानेवारी २०२५

न्यू ऑर्लिन्समध्ये बर्फ! २१ तारखेला विमानतळावर आठ इंच. टबांतली पानं आडवी झाली, टोकं जळली. गड्ड्यांना काही झालेलं नाही. फुल्वा तर उत्तरेला इलिनॉयपर्यंत रानात राहते.

१२ एप्रिल

जे-२१-०४ तिन्ही ठिकाणी फुललं. दांडा आणि रंग गेल्या वर्षीप्रमाणेच. उत्तरेकडचं चार दिवस उशिरा. फिकट कड तिन्हीकडे आहे, म्हणजे ती मातीची किंवा पाण्याची करामत नाही. अर्ज आज पाठवला: उंची ३६ इंच, बहर मध्यम, रंग, पिवळी खूण, ‘रानातून गोळा केलेलं, जेफर्सन पॅरिश, लुईझियाना’. गोळा करणाऱ्याच्या जागी गटातल्या त्या निवृत्त शिक्षकाचं नाव, ज्याने बुलडोझरच्या पुढ्यात उभं राहून ड्रायव्हरकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

निळ्यांचे तास जे-२१-०४ च्या तासांपेक्षा बरेच कमी भरले. ते भरून काढायचे आहेत. बियांपासून आलेली रोपं वीतभर झाली आहेत, आणि त्यांच्या आयांची मूळ पाणथळ जिथे होती त्याच खोऱ्यातली एक जागा देखभाल करणाऱ्यांनी ऑक्टोबरसाठी देऊ केली आहे. तिथे फक्त शून्य नसलेले क्रमांक. पाण्यातला क्षार दर महिन्याला मोजायचा, मीटर कोल्हापूरकडे आहे. वाइन रंगाचा एकही गड्डा तिकडे जाणार नाही, कितीही जणांनी मागितला तरी.